रेषा कोणी आखायची?

'लंडन' नावाची आगबोट जानेवारी १८६६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथहून मेलबर्नला निघाली, तेव्हा ती जवळपास नवी कोरी होती. तिच्या पोटात रेल्वेचं लोखंड आणि कोळसा होता, डेकवर आणखी कोळसा रचलेला होता, आणि प्रवासी व खलाशी धरून अडीचशेच्या आसपास माणसं होती. एवढं सगळं चढल्यावर तिच्या डेकची कड पाण्यापासून जेमतेम साडेतीन फूट वर राहिली. बिस्केच्या उपसागरात वादळाने तिला गाठलं. डेकवरचा कोळसा सुटला आणि पाणी वाहून जाण्याची भोकं त्याने तुंबली. डेकवर चढलेलं पाणी उतरेना. मग एका लाटेने इंजिनखोलीवरचं झाकण फोडलं, पाणी थेट भट्ट्यांवर कोसळलं, आग विझली आणि इंजिन थांबलं. ११ जानेवारीला 'लंडन' बुडाली. एका होडीतून एकोणीस जण सुटले. सुमारे २२० माणसं जहाजाबरोबर गेली.

प्लिमथच्या बंदरात मात्र हेच जहाज अगदी व्यवस्थित तरंगत होतं. धक्क्यावर निरोप द्यायला आलेल्या कुणाला ते बुडणार असं वाटण्याचं कारण नव्हतं. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या संसदांमध्ये, गोद्यांमध्ये आणि विमा कचेऱ्यांमध्ये जो झगडा चालला, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे: जास्त भरलेलं जहाज बंदरात बुडत नाही. ते बंदरापासून दूर, साक्षीदार नसतील तिथे बुडतं.

शास्त्र म्हणाल तर ते फार जुनं होतं. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरंगणाऱ्या वस्तूंवर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. मुकुटाची आणि न्हाणीघरातून धावत सुटण्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते. ती या ग्रंथात नाही. ती व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने नंतर, दोनेकशे वर्षांनी लिहिली. ग्रंथात आहे तो कोरडा, भूमितीचा युक्तिवाद: तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, आणि तेवढं सारण्यासाठी जितकं बुडावं लागेल तितकीच बुडते. लोखंड पाण्याच्या जवळपास आठपट जड. पण पितळेची वाटी पाण्यात अलगद ठेवली तर तरंगते, तसंच लोखंडी जहाजही पोटातल्या पोकळीच्या जोरावर तरंगतं. त्यात शंभर टन माल चढवा, आणखी शंभर टन पाणी सरेल इतकं ते खाली बसतं आणि तिथे स्थिर होतं. शांत पाण्यात त्याची काही तक्रार नसते.

तक्रार सुरू होते ती लाटांमध्ये. पाण्यावर उरलेली जहाजाची बाजू म्हणजे त्याची राखीव शिल्लक. लाट चढते तेव्हा ही कोरडी बाजू पाण्यात जाते, जास्तीचं पाणी सारते आणि त्या जोरावर जहाज पुन्हा वर येतं. कललं तर सरळ होतं. ही बाजू जितकी कमी, तितकं लाटेला डेकवर चढणं सोपं. आणि डेकवर चढलेलं पाणी हा न मागितलेला माल असतो. त्याच्या वजनाने जहाज आणखी बसतं, पुढची लाट आणखी सहज चढते. आर्किमिडीजचा नियम दोन्ही बाजूंनी सारखाच प्रामाणिक आहे. जहाज किती बुडेल ते तो सांगतो. किती बुडू द्यायचं ते सांगत नाही.

हा दुसरा प्रश्न जुन्या दर्यावर्दींना ठाऊक होता. मध्ययुगात व्हेनिस आणि जिनोआच्या जहाजांवर भाराच्या खुणा असत. जहाजांची प्रतवारी करणाऱ्या लंडनच्या लॉइड्स रजिस्टरने १८३५ साली एक ढोबळ नियम दिला: मालखान्याच्या खोलीच्या प्रत्येक फुटामागे तीन इंच बाजू पाण्यावर ठेवावी. नियम बरा होता, पण तो पाळायची सक्ती कुणावर नव्हती.

का नव्हती, हे समजायला त्या काळच्या मालकाचा हिशेब बघावा लागतो. भाडं टनावर मिळे. कप्तानाचा पगार, खलाशांचं वेतन, बंदराचे दर हे आठशे टनांना जितके, जवळपास तितकेच हजार टनांना. म्हणजे शेवटचे दोनशे टन हा जवळजवळ निव्वळ नफा. जहाज बुडालं तर? विमा होता, आणि अनेकदा जहाजाच्या खऱ्या किमतीहून चढा होता. लॉइड्सच्या विमाबाजारात एका जहाजाचा धोका कितीतरी जण थोडा थोडा वाटून घेत. प्रत्येकाचं नुकसान लहान, त्यामुळे मालकाला कोर्टात खेचायची हौस कुणालाच नाही. शिवाय पुरावा समुद्राच्या तळाशी. नुकसान होई ते फक्त खलाशांचं आणि त्यांच्या घरच्यांचं. त्यांच्यासाठी कायदा होता, पण उलट्या दिशेने: १८५४च्या व्यापारी नौवहन कायद्याखाली करारावर सही केलेला खलाशी जहाज धोक्याचं आहे म्हणून चढायला नकार देऊ लागला, तर त्याला तुरुंगात टाकता येई. असे कित्येक खलाशी तुरुंगात गेले. अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत.

याविरुद्ध पहिला आवाज उठवला तो एका मालकानेच, आणि त्याचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. टाइन नदीकाठचे जहाजमालक जेम्स हॉल १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून जहाजांची तपासणी आणि भाररेषा, म्हणजे जहाज कुठवर भरायचं ती खूण, यांची मागणी करत होते. सॅम्युअल प्लिम्सोल यांनी ती मागणी उचलली, आणि रेषेला नाव मिळालं ते त्यांचं.

प्लिम्सोल १८२४ साली ब्रिस्टलला जन्मले. समुद्राशी त्यांचा धंद्याचा संबंध नव्हता. शेफील्डच्या एका मद्यभट्टीत कारकून, मग व्यवस्थापक, मग लंडनला कोळशाचा व्यापार, आणि त्यात पहिल्याच फटक्यात दिवाळं. त्या दिवसांत आठवड्याला आठ शिलिंगांहून कमी पैशांत, मजुरांच्या वसतिगृहात राहून त्यांनी दिवस काढले. कष्टकऱ्यांची एकमेकांशी असलेली माणुसकी आपण तिथे पाहिली, असं ते पुढे सांगत. कोळशाच्या धंद्यात पुढे त्यांचं बस्तान बसलं आणि १८६८ साली ते डर्बीहून लिबरल पक्षाचे खासदार झाले.

१८७३च्या सुरुवातीला त्यांचं 'अवर सीमेन' हे पुस्तक आलं. ते नीट बांधलेलं पुस्तक नाही. मध्येच आकडे, मध्येच पत्रांच्या नकला, मध्येच वाचकाला हात जोडून विनंती, मध्येच संताप. पण त्यातले तपशील लोकांच्या मनात रुतले. उदाहरणार्थ खोटे बोल्ट. जहाजाच्या फळ्या घट्ट धरायला तांब्याचे लांब बोल्ट आरपार लागतात. काही ठिकाणी नुसतं बोल्टचं डोकं ठोकून ठेवत, आत दांडाच नसे. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नसे. गोदीत याला 'सैतान' म्हणत. प्लिम्सोल यांनी पुष्कळ गोष्टी ऐकीव माहितीवर लिहिल्या, काही मालकांवर थेट आरोप केले, आणि त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे खटले झाले. पुराव्याच्या बाबतीत ते ढिले होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. पण काळजीपूर्वक लिहिलेले अहवाल त्याआधीही निघालेच होते आणि फडताळात गेले होते. या पुस्तकाने सभा भरल्या, वर्गण्या जमल्या.

सरकारने ड्यूक ऑफ सॉमरसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १८७४ साली आयोगाने सक्तीच्या भाररेषेविरुद्ध मत दिलं. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. जहाजं एका साच्याची नसतात. कुणाचा डेक उघडा, कुणावर आणखी एक हलका डेक. कोळसा वाहणारं जहाज वेगळं, कापूस वाहणारं वेगळं. उन्हाळ्यातला भूमध्य समुद्र आणि डिसेंबरातला अटलांटिक यांना एकच फूटपट्टी कशी लावणार? आणि सरकारने रेषा आखून दिली तर जबाबदारी मालकाची राहणार की सरकारची? हे प्रश्न खरे होते. फक्त त्यांची उत्तरं शोधायची घाई कुणाला नव्हती. दरम्यान १८७३-७४ या एका वर्षात ब्रिटनच्या किनाऱ्याभोवतीच ४११ जहाजं बुडाली आणि ५०६ माणसं गेली.

प्लिम्सोल यांचं विधेयक १८७४ साली अवघ्या तीन मतांनी पडलं. पुढच्या वर्षी पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने स्वतःचं, बरंच पातळ विधेयक आणलं. २२ जुलै १८७५ रोजी डिझरायली उठले आणि वेळ नसल्याचं कारण देऊन त्यांनी तेही मागे घेतलं. अधिवेशनातला उरलेला वेळ शेतजमिनीच्या विधेयकाला हवा होता.

त्यानंतर हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जे झालं ते वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी रकानेच्या रकाने भरून छापलं. प्लिम्सोल सभागृहाच्या मध्यभागी आले. खलाशांना मरणाच्या दारात धाडणाऱ्या हरामखोरांचे मुखवटे मी फाडणार, अशा आशयाचं बोलले. सभापतींनी शब्द मागे घ्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला, मूठ उगारली. १८७४ साली काही जहाजं माणसांसकट बुडाली होती, त्यांची नावं त्यांनी वाचली आणि ही जहाजं ज्या एडवर्ड बेट्स यांची, ते प्लिमथचे खासदार तेच का, असं विचारलं. बेट्स लिव्हरपूलच्या, हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या पेढीचे मालक होते आणि त्याच सभागृहात बसत. प्लिम्सोल यांना बाहेर काढण्यात आलं. आठवड्याभराने त्यांनी सभागृहाची माफी मागितली, ती असभ्य वर्तनाबद्दल, आरोपांबद्दल नाही. (बेट्स यांच्यावर पुढे काही शाबीत झालं नाही. १८८० साली त्यांना बॅरनेटचा किताब मिळाला.)

त्या एका आठवड्यात देशभर सभा झाल्या. सरकारने वाऱ्याची दिशा ओळखली आणि ज्या विधेयकाला वेळ नव्हता, त्याच्याऐवजी नवा तात्पुरता कायदा ऑगस्टमध्येच मंजूर करून घेतला. बोर्ड ऑफ ट्रेडच्या, म्हणजे सरकारच्या व्यापार खात्याच्या, निरीक्षकांना धोकादायक जहाज अडवून ठेवण्याचा अधिकार मिळाला. १८७६च्या कायद्याने ही व्यवस्था कायम केली. सुट्या धान्याची रास एका बाजूला सरकून जहाज उलटू नये, हिवाळ्यात डेकवर लाकूड लादू नये, अशी कलमं त्यात आली. आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश जहाजाच्या दोन्ही बाजूंना बारा इंच व्यासाचं वर्तुळ आणि त्याच्या मध्यातून जाणारी अठरा इंचांची आडवी रेषा रंगवणं बंधनकारक झालं. या रेषेच्या वर पाणी चढता कामा नये.

कायद्याने रेषेचा आकार ठरवला, लांबी ठरवली. ती जहाजावर किती उंचीवर असावी हे मात्र मालकावर सोडलं.

कार्डिफच्या एका नाविकाने वैतागून किंवा थट्टेने ती धुराड्यावरच रंगवली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, कायद्याचं मर्म तिने नेमकं पकडलं आहे. कागदावर विजय झाला होता. प्रत्यक्षात, रेषा कोणी आखायची हा मूळ प्रश्न तसाच होता. इतिहासाची लोकप्रिय पुस्तकं १८७६ला थांबतात, पण त्यानंतरची चौदा वर्षं मला अधिक महत्त्वाची वाटतात.

त्या काळात काम केलं ते गणित करणाऱ्यांनी. लॉइड्स रजिस्टरचे मुख्य सर्वेक्षक बेंजामिन मार्टेल यांनी १८८२ साली तक्ते तयार केले: जहाजाची लांबी किती, खोली किती, बांधणी कोणत्या प्रकारची, डेकवर बंदिस्त जागा किती, आणि त्यावरून पाण्यावर किती बाजू उरली पाहिजे. मग युद्धनौकांचे नामांकित रचनाकार सर एडवर्ड रीड यांच्या समितीने ते तपासले. 'सगळ्या जहाजांना एक नियम लागू होत नाही' या आक्षेपाला हे उत्तर होतं: एक नियम नको, पण प्रत्येक जहाजासाठी हिशेब करता येतो आणि तो करणारा मालक नसावा. १८९०च्या कायद्याने रेषेची जागा या तक्त्यांप्रमाणे ठरवणं सक्तीचं केलं. तोवर प्लिम्सोल संसदेत नव्हते. १८८० साली पक्षाच्या सोयीसाठी त्यांनी आपली जागा सर विल्यम हारकोर्ट यांना मोकळी करून दिली होती. नंतरच्या काळात ते खलाशांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या गुरांच्या जहाजांवरच्या हालांविषयी लिहीत राहिले. १८९८ साली फोकस्टनला त्यांचं निधन झालं.

झगडा मात्र सरळ रेषेत पुढे गेला नाही. ब्रिटिश मालकांची रास्त तक्रार होती की परदेशी जहाजं आमच्याच बंदरांतून वाटेल तितकी भरून निघतात आणि आमचं भाडं पळवतात. १९०६ साली, लॉइड जॉर्ज बोर्ड ऑफ ट्रेडचे प्रमुख असताना, ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही भाररेषा लागू झाली. त्याच सुमारास तक्ते बदलून ब्रिटिश जहाजांना आधीपेक्षा खोल बसायची मुभा दिली गेली. जहाजबांधणी सुधारली आहे, हे त्याचं अधिकृत कारण. खलाशांच्या संघटना यावर वर्षानुवर्षं चिडून होत्या, आणि का, ते समजायला कठीण नाही: मालकांना एक बोजा सर्वांवर सारखा वाटून मिळाला आणि वर टनेजही मिळालं.

त्या जहाजांवर आपलीही माणसं होती. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या डेकवर रत्नागिरी आणि कोकणपट्टीतले खलाशी, आणि जेवणघरात गोव्याचे लोक, ही मुंबईतून होणारी भरती कित्येक पिढ्या चालली. पगार, झोपायची जागा, रसद या सगळ्यात कायदा त्यांना गोऱ्या खलाशाहून कमी देत असे. भाररेषेत असा भेद करायला वावच नव्हता. ती जहाजावर रंगवलेली असते, माणसांवर नाही. तिचा फायदा जो चढला त्याला.

तिची मर्यादाही सांगायला हवी. रेषा जहाजावर वजन किती आहे ते सांगते. ते कुठे आहे, हे सांगत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. लाटेच्या तडाख्याने बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि ती सरळ होऊ शकली नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. तिथे प्रश्न तोल जाण्याचा होता. त्याचं गणित फ्रान्सच्या पिएर बुगेर यांनी १७४६ सालीच मांडलेलं होतं, पण प्रवाशांच्या गर्दीला तक्ता लावणं मालाच्या गोणींइतकं सोपं नाही.

१९३० साली लंडनमध्ये भाररेषेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६६ साली त्याची जागा आजच्या कराराने घेतली. आज मालवाहू जहाजाच्या कुशीवर वर्तुळाशेजारी शिडीसारख्या आडव्या रेषा दिसतात. गोड्या पाण्याची रेषा वरची, कारण समुद्राचं पाणी घनमीटरला सुमारे १०२५ किलो भरतं आणि नदीचं १०००. तेच जहाज खाडीतून नदीत शिरलं की थोडं खाली बसतं, धोका न वाढता. हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकची रेषा सगळ्यात खालची. वर्तुळाच्या दोन बाजूंना दोन अक्षरं असतात, रेषा कोणी आखली त्या संस्थेची. 'आय' आणि 'आर' असतील तर ती मुंबईत मुख्यालय असलेल्या, १९७५ साली स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची.

आयोगाने १८७४ साली विचारलेल्या 'ऋतू आणि समुद्र वेगळे असतात, त्याचं काय' या प्रश्नालाही या करारात उत्तर आहे, आणि त्यातलं एक कलम थेट आपल्या किनाऱ्याचं आहे. अरबी समुद्रात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात जहाजाला उष्णकटिबंधाच्या रेषेपर्यंत भरता येतं. १ जून ते ३१ ऑगस्ट त्याने खालच्या, 'उन्हाळी' रेषेवर राहायचं असतं. आपला भर पावसाळा त्या तक्त्यात उन्हाळा म्हणून नोंदला आहे, हे वाचून हसू येतं. दोन रेषांमधलं अंतर उन्हाळी रेषेच्या खोलीच्या अठ्ठेचाळिसावा भाग असतं. बारा मीटर खोल बसणाऱ्या जहाजाला ते पंचवीस सेंटिमीटर पडतं. दोनशे मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जहाज असेल, तर पावसाळ्याच्या तीन महिन्यांत बारा-तेराशे टन माल धक्क्यावरच ठेवावा लागतो.